मूळव्याधीची ट्यूब संपवायची नसते

प्रश्न थोडक्यात असा: शौचाला दुखतं, अधूनमधून लाल रक्त पडतं, खाजही येते. मेडिकलवाल्याने मूळव्याधीची ट्यूब दिली. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ लावली. लावत असेपर्यंत बरं वाटतं, बंद केली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता ट्यूब संपली आहे, तर दुसरी आणावी का, आणि ती नेमकी लावायची कशी?

दुसरी आणू नका. खरं तर पहिलीच संपायला नको होती, कारण अशी ट्यूब सातच दिवस लावायची असते.

साधा हिशेब मांडू. तर्जनीच्या टोकाच्या पेरावर, पेर भरेल इतकी मलमाची रेघ ओढली, तर मोठ्या माणसाच्या बोटावर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. एका वेळेला एवढंच लागतं. दिवसातून दोनदा म्हणजे एक ग्रॅम, सात दिवसांचे सात ग्रॅम. नेहमीची ट्यूब २० ग्रॅमची असते. म्हणजे नीट वापरली, तर आठवडा उलटला तेव्हा ती अर्ध्याहून जास्त शिल्लक असायला हवी. तुमची तीन आठवड्यांत संपली. याचा अर्थ रोजचं माप बरोबर होतं, दिवस तिप्पट झाले. ‘ट्यूब संपेपर्यंत लावा’ हा सल्ला काउंटरवर सर्रास मिळतो आणि बहुतेकांचं बिघडतं ते तिथेच.

सातच दिवस का, हे ट्यूब हातात घेऊन बघितलं की कळेल. पुढचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, मागचे बारीक अक्षरातले घटक वाचा. त्यात सहसा चार जातींची औषधं कमी-जास्त प्रमाणात मिसळलेली असतात.

पहिलं, बधिर करणारं लिग्नोकेन. काही ट्यूबवर त्यालाच लिडोकेन लिहितात, वस्तू एकच. बहुतेक मलमांत ते २.५ ते ५ टक्के असतं. लावल्यावर आधी थोडं चुरचुरतं, मग काही मिनिटांत जागा बधिर होते आणि अर्धा-पाऊण तास तशी राहते. वेदना कमी होते, पण आजार होता तिथेच असतो.

दुसरं, सूज आणि खाज उतरवणारं स्टेरॉइड: हायड्रोकॉर्टिसोन किंवा बेक्लोमेथासोन. ‘दोन दिवसांत फरक पडला’ असं लोक म्हणतात, त्याचं श्रेय बहुधा याचंच, आणि सात दिवसांची मर्यादाही मुख्यतः यामुळेच. गुदद्वाराभोवतीची कातडी सतत घडीत दाबलेली, ओलसर आणि उबदार असते. तळहातावर किंवा पायावर जेवढं औषध मुरेल, त्यापेक्षा इथे जास्त मुरतं. काही आठवडे लावत राहिलं की तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते: पातळ, चकचकीत, लालसर, बारीक चिरा पडलेली. मग नुसतं पाणी लागलं तरी झोंबतं. माणसाला वाटतं मूळव्याध वाढली, म्हणून तो आणखी मलम लावतो. याच्या जोडीला बुरशी येते. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, स्टेरॉइडने दबलेल्या जागी नायट्याची बुरशी मजेत वाढते. खाज रात्री जास्त आणि कातडीवरच्या लालीची कड जांघेकडे सरकू लागली, तर ती खाज मूळव्याधीची उरलेली नसते.

तिसरं, रक्तवाहिन्या आकसवणारं फेनिलेफ्रिन. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करायला घालतात तेच. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांना ‘प्रेपरेशन एच’ आणायला सांगायची पद्धत आहे, त्याच्या नेहमीच्या मलमातही ०.२५ टक्के हेच असतं. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड किंवा मधुमेह असेल, प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीला त्रास होत असेल, किंवा नैराश्यावरच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे लावू नये. गुदमार्गाच्या आतल्या अस्तरातून औषध रक्तात जातं. बाहेरून लावतो म्हणून ते बाहेरच राहतं, असं नाही.

चौथी जात कातडीवर नुसता थर धरणारी: झिंक ऑक्साइड, पेट्रोलियम जेली, पॅराफिन. दिसायला सगळ्यात गरीब आणि वागायलाही सगळ्यात गरीब. ओल आणि मळापासून कातडी वाचवणं एवढंच तिचं काम. पण साध्या खाजेला पुष्कळदा तेवढंच पुरतं आणि ती जास्त दिवस लावली तरी चालते. आपल्याकडच्या बऱ्याच ट्यूबमध्ये कॅल्शियम डोबेसिलेटही असतं. ते शिरांच्या भिंतींसाठी म्हणून घालतात, त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये.

या चौघांपैकी एकही औषध मूळव्याधीचा मोड, म्हणजे खाली उतरलेला कोंब, जागेवर नेत नाही. गुदमार्गात रक्तवाहिन्यांच्या छोट्या गाद्या प्रत्येकालाच असतात. वर्षानुवर्षं कुंथून त्यांचा आधार सैल पडतो आणि त्या खाली घसरतात, त्याला आपण मूळव्याध म्हणतो. परकराचं सैल झालेलं इलॅस्टिक मलम चोळून घट्ट होत नाही, तसंच हे. मलम आठवडाभराचा आराम देतं, आणि त्या आठवड्यात शौच मऊ करण्याचं काम उरकायचं असतं. ते केलं नाही, तर ‘बंद केली की पुन्हा तेच’ होणारच.

त्याआधी एक शंका. तुम्ही ‘दुखतं’ असं पहिल्याच वाक्यात लिहिलं आहे. आपल्याकडे त्या भागातल्या सगळ्याच त्रासाला मूळव्याध म्हणायची सवय आहे, पण आतल्या मूळव्याधीला सहसा दुखत नाही. तिथल्या अस्तराला वेदनेचे मज्जातंतू जवळपास नसतातच. तिची खूण म्हणजे न दुखता, शौच झाल्यावर थेंबथेंब किंवा धारेसारखं पडणारं लालभडक रक्त. शौच उतरताना काच कापल्यासारखं होतं, नंतर तास-दोन तास आग होत राहते आणि रक्ताची फक्त एखादी रेघ दिसते, तर ते बहुधा फिशर, म्हणजे चीर. फिशरची ट्यूब वेगळी असते: २ टक्के डिल्टियाझेम किंवा अगदी सौम्य प्रमाणातलं नायट्रोग्लिसरीन. ती आवळलेला स्नायू सैल करते आणि साधारण सहा ते आठ आठवडे लावावी लागते, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, कारण नायट्रोग्लिसरीनने डोकं चांगलंच धरतं. तुमचं वर्णन वाचून पहिला संशय फिशरचाच येतो. तसं असेल, तर तीन आठवडे लावलेल्या स्टेरॉइडने चीर भरायला मदत झालेली नाही, फक्त वरची आग दबली.

अचानक, एका दिवसात, वाटाण्याएवढी किंवा द्राक्षाएवढी निळसर टणक गाठ आली आणि बसवत नाही, तर बाहेरच्या मोडात रक्त गोठलं आहे. पहिल्या ७२ तासांत सर्जनकडे गेलात तर छोटी चीर देऊन गुठळी काढता येते आणि लगेच आराम पडतो. त्यानंतर सहसा काढत नाहीत, गाठ आपोआप जिरते. सतत पू किंवा ओल येत असेल तर ते बहुधा भगंदर, तिथे कुठलंच मलम कामाचं नाही.

आता लावण्याची रीत. मलम नेहमी शौचानंतर आणि धुतल्यानंतर लावायचं. शौचाआधी लावलेलं औषध शौचाबरोबरच वाहून जातं. दोन वेळा ठरवून टाका: एक सकाळच्या शौचानंतर आणि दुसरी रात्री झोपताना.

धुताना जेट स्प्रे पूर्ण दाबाने सरळ त्या जागेवर मारू नका. सुजलेल्या अस्तरावर ती धार चाबकासारखी बसते. मग्याने पाणी घ्या किंवा स्प्रेचा दाब कमी करा. साबण नको, डेटॉल-सॅव्हलॉन तर नकोच. मग जमेल तर कोमट पाण्यात बसा. रुंद प्लास्टिकचा टब घ्या. कमोडवर बसवायचे उथळ टबही मेडिकलमध्ये मिळतात, गुडघे दुखणाऱ्यांना तेच सोयीचे. पाणी कंबरेखालचा भाग बुडेल इतपत हवं आणि हाताच्या कोपराला सुखद वाटेल इतकंच गरम. दहा ते पंधरा मिनिटं पुरे. मीठ, तुरटी, हळद काही घालायची गरज नाही, काम कोमट पाणीच करतं: आवळलेला स्नायू सैल पडतो. जांभळं पोटॅश (पोटॅशियम परमँगनेट) डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पाणी फिकट गुलाबी होईल इतकेच कण टाका. गडद जांभळं पाणी कातडी भाजतं. वयस्कर माणसांनी उठताना कशाचा तरी आधार धरावा, गरम पाण्यातून एकदम उठलं की चक्कर येते.

मग कोरडं करणं. बहुतेक जण हे टाळतात आणि ओल्यावरच मलम थापतात. जुन्या पंचाचा किंवा सुती साडीचा मऊ तुकडा घेऊन नुसतं टिपायचं, पुसायचं नाही. दोन मिनिटं हवा लागू द्या. ओल्या कातडीवर मलम धरत नाही, आणि खाली अडकलेली ओल कातडी पांढरी, भिजल्यासारखी करते.

नखं कापलेली हवीत, हात साबणाने धुतलेले. त्रास बाहेरच असेल तर ते अर्ध्या ग्रॅमचं मलम बोटाच्या टोकाने कडेकडेने पातळ पसरवा. चोळायचं नाही. कातडीवर पांढरा थर दिसत असेल तर जास्त झालं, टिपून घ्या.

आतल्या भागासाठी ट्यूबबरोबर प्लास्टिकची नळी मिळते. आत घालायची परवानगी पाकिटावर लिहिलेली असेल तरच ती वापरायची, काही मलमं फक्त बाहेरची असतात. टोपण काढून नळी आट्यांवर घट्ट बसवा. ट्यूब हळूच दाबा, म्हणजे आतली हवा निघून मलम नळीच्या भोकापर्यंत येईल. मग त्यातलंच थोडं मलम नळीच्या बाहेरून, टोकापासून बुडापर्यंत फासा. ही पायरी गाळली की कोरडी नळी अस्तर खरवडते आणि रक्त येतं. डाव्या कुशीवर झोपा, वरचा गुडघा पोटाकडे घ्या, तोंडाने सावकाश श्वास सोडत नळी आत सरकवा. गुदमार्ग जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा, त्यामुळे खोल ढकलण्यात काहीच हशील नाही. अडलं किंवा दुखलं की थांबा, जोर लावू नका. फिशरची चीर ताजी असेल तर नळी घालूच नये. ट्यूब दाबून थोडं मलम सोडा आणि दाब तसाच ठेवून नळी बाहेर काढा. आतच ट्यूब सैल सोडली तर मलमाबरोबर घाणही नळीत ओढली जाते. नंतर नळी काढून कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, वाळवा, ट्यूबला टोपण लावा. ती नळी घरात दुसऱ्या कुणाची नाही. आणि शेवटी हात पुन्हा धुवा. लिग्नोकेनचं बोट डोळ्याला लागलं तर डोळा बधिर होतो, आणि बधिर डोळा चोळला की बुबुळावर ओरखडा येतो.

रात्री लावल्यावर जुनी सुती चड्डी घाला. तेलकट मलम कपड्याला लागतंच, आणि पॅराफिन मुरलेलं कापड चटकन पेट घेतं, म्हणून ते घालून विडी-सिगारेट किंवा चुलीशेजारी बसणं नको. तेलकट मलमाने कंडोमचं रबरही कमकुवत होतं.

मलमाऐवजी बत्ती, म्हणजे सपोझिटरी, मिळाली असेल तर दोनच गोष्टी सांगतो. वरचा प्लास्टिकचा किंवा चांदीचा कागद काढून मगच घालायची. हे लिहावं लागतं, कारण कागदासकट घालणारे असतात. आणि मे महिन्यात ती मऊ पडली असेल तर घट्ट होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायची.

वेदनेच्या भीतीने शौचाला जायचंच टाळत असाल, तर शौचाआधी पाच-दहा मिनिटं नुसतं लिग्नोकेनचं जेल थोडंसं लावता येतं. त्यासाठी स्टेरॉइडची ट्यूब वापरू नका. यकृताचा आजार असेल किंवा हृदयाच्या ठोक्यांवर औषध चालू असेल तर आधी विचारा. दाताच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आली असेल तर लिग्नोकेन टाळा.

काय लावू नये याची यादी मोठी आहे, पण घरोघरी सापडणारी चूक एकच: नायट्याचं मिश्र मलम. त्यात क्लोबेटासोलसारखं, हायड्रोकॉर्टिसोनच्या कित्येक पट जहाल स्टेरॉइड असतं. खाज रात्रीत थांबते आणि महिन्याभरात कातडी गेलेली असते. डोकेदुखीचा बाम, टूथपेस्ट, लसूण यांनी सरळ भाजतं. दोन कंपन्यांच्या ट्यूब एकत्र लावल्या तर बहुतेक वेळा तेच स्टेरॉइड आणि तेच लिग्नोकेन दुप्पट होतं, दुसरं काही नाही. मलम लावल्यावर चुरचुर अर्ध्या तासातही थांबत नसेल, लाल पुरळ किंवा पाणी येत असेल, तर तुम्हाला त्या मलमाचंच वावडं आहे. बंद करा आणि चार दिवस नुसतं कोमट पाणी आणि पेट्रोलियम जेली यावर राहा.

आता त्या आठवड्यातलं खरं काम. इसबगोल एक ते दोन चमचे, भरलेल्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा ग्लास पाणी. ठेवून दिलं की त्याचा गोळा होतो, आणि कमी पाण्यात घेतलेलं इसबगोल पोटात उलट अडकून बसतं. एका चमच्याने सुरुवात करून आठवड्यात दोनवर जा, म्हणजे गॅस कमी होईल. इतर गोळ्या आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. फायबर नियमित घेतल्याने मूळव्याधीचं रक्त पडणं जवळपास निम्म्याने कमी होतं, असं अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास सांगतो. एवढं कुठल्याही ट्यूबला जमत नाही. जेवणात भाताच्या जागी एक वेळ ज्वारी-बाजरीची भाकरी, रोज एक पालेभाजी, एक पेरू बियांसकट.

श्रावण आणि नवरात्रात त्रास उसळतो, त्याचं कारण देवाला नाही, साबुदाण्याला विचारा. तो जवळपास निव्वळ स्टार्च आहे, फायबर नावालाही नाही, आणि उपवासाच्या दिवशी पाणीही कमी पोटात जातं. उपास करायचाच तर राजगिरा, रताळं सालासकट, काकडी आणि फळं घ्या, खिचडी वाटीभरच.

संडासात मोबाइल न्यायचा नाही. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं, पुन्हा कळ आली की जायचं. कमोड असेल तर पायाखाली १५-२० सेंटीमीटर उंचीचा पाट किंवा स्टूल घ्या, गुडघे कंबरेच्या वर आले की कुंथावं लागत नाही. लोहाच्या गोळ्या आणि ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं शौच घट्ट करतात. ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगून शौच मऊ करणारं औषध जोडीला घ्या.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा त्रास फार जणींना होतो. तेव्हा स्टेरॉइडची किंवा फेनिलेफ्रिनची ट्यूब स्वतःहून लावू नका. कोमट पाणी, झिंकचं साधं मलम आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांनी दिलेलं लॅक्ट्युलोज (शौच मऊ करणारं औषध) यावर बहुतेकींचं भागतं. बारा वर्षांखालच्या मुलांना मूळव्याध क्वचितच असते, रक्त दिसलं तर बहुधा बद्धकोष्ठातली चीर. त्यांना मोठ्यांची ट्यूब लावू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी रक्त पडतंय म्हणून गोळी सोडू नये, त्याच दिवशी फोन करावा.

सात दिवसांत फरक नाही, किंवा बंद केल्यावर पुन्हा सुरू झालं, की तपासणी. तुम्ही त्या टप्प्याच्या पुढे गेलात, म्हणून या आठवड्यातच सर्जनला दाखवा. वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल, रक्त शौचात मिसळलेलं किंवा काळपट येत असेल, हिमोग्लोबिन खाली आलं असेल, तर सात दिवसही थांबू नका. लोहाच्या गोळीने शौच काळी आणि बिटाने लाल होते, तेवढं आधी आठवून बघा. ताप आणि ठणका दोन्ही असेल, किंवा लघवी अडली असेल, तर आत पू झालेला असू शकतो. तिथे त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

‘एका इंजेक्शनमध्ये मूळव्याध गायब’ अशी पाटी असलेल्या बिनडिग्रीच्या ठिकाणी मात्र जाऊ नका. सर्जनकडची तपासणी चार-पाच मिनिटांची असते: डाव्या कुशीवर झोपवून बोटाने बघतात, मग प्रॉक्टोस्कोप नावाच्या छोट्या नळीतून. फिशरने फार दुखत असेल तर तसं आधीच सांगा, मग त्या दिवशी नळी टाळून फक्त बाहेरून बघता येतं. जाताना रिकामी ट्यूब बरोबर न्या आणि किती दिवस लावली ते खरं सांगा. कातडी पातळ झालेली दिसली, तर ती कशामुळे, हे ट्यूबच्या मागच्या बारीक अक्षरांतूनच त्यांना कळणार आहे.